पंधरावाल्या भामाबाई

भामाबाई पहिल्यांदा आमच्या खोलीत आल्या तेव्हा मी त्यांच्यापुढं माहितीचा आणि संमतीचा अकरा पानांचा कागद ठेवला आणि नेहमीसारखं सांगायला सुरुवात केली. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"मला वाचता येतं. सातवी झालीय. फक्त येळ लागतो."

"घ्या की वेळ," मी म्हटलं. मला वाटलं, अर्धा तास लागेल. त्यांना दोन दिवस लागले.

मी उज्ज्वला. अंबाजोगाईच्या अलीकडं एका ट्रस्टचं कॅन्सरचं रुग्णालय आहे, तिथं संशोधन विभागात काम करते. विभाग म्हणजे एक खोली, दोन कपाटं, एक कम्प्युटर आणि मी. डॉक्टर प्रियदर्शनी यांचा अभ्यास तेव्हा नुकताच सुरू झाला होता. त्या परळीच्या. शिक्षण सगळं बाहेर झालं, पण परत आल्या. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झाल्यावर रेडिएशन द्यावं लागतं. आमच्याकडं त्याला सगळे शेक म्हणतात. नेहमीची पद्धत पंधरा शेकांची, म्हणजे सुट्या धरून तीन आठवडे. बाहेरच्या देशांत पाच मोठ्या शेकांत तेच काम होतं असं दिसलं होतं. आपल्याकडच्या उन्हातान्हात राबणाऱ्या, अंगानं बारीक बायकांना ते तसंच मानवेल का, हे तपासायला तीनशे बायका हव्या होत्या. निम्म्यांना पंधरा, निम्म्यांना पाच. कुणाला काय, हे कम्प्युटर ठरवणार.

भामाबाई शिरूर कासारच्या पुढच्या एका वस्तीवरच्या. वय शेहेचाळीस, घरी शंभरावर मेंढ्या. डाव्या बाजूची गाठ त्यांना स्वतःलाच लागली होती आणि लाजून घरात न बसता त्या आठव्या दिवशी दवाखान्यात आल्या होत्या. गाठ लहान असतानाच निघाली. आता शेक राहिले होते.

त्या दोन दिवसांत त्यांनी तो कागद आवारातल्या लिंबाखाली बसून ओळीवर बोट ठेवत वाचला. मालक धुळाजी शेजारी उकिडवे बसून ऐकत होते. मधूनमधून भामाबाई कागद घेऊन माझ्या दारात येत.

"उज्ज्वलाताई, हितं लिहिलंय की कवाबी सोडता येतं. सोडलं तर डॉक्टरबाई रागावतील का?"

"नाही रागावणार."

"मग तसं लिहा की. सोडता येतं हे लिहिलंय, रागावणार न्हाई हे न्हाई लिहिलं. बाईला सोडायचं आसलं तरी ती रागाला भिऊनच सोडत न्हाई."

मी हे डॉक्टरांना सांगितलं. त्या हसल्या आणि वहीत टिपून घेतलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर स्वतः लिंबाखाली जाऊन बसल्या. धुळाजींच्या मनात एक प्रश्न अडकला होता, तो त्यांनी जमिनीकडं बघत विचारला.

"बाई, राग मानू नका. पण हा प्रयोग आमच्यावरच कावून? गरिबावर कावून?"

"धुळाजी, ज्या कुणाची अशी गाठ निघेल त्या सगळ्यांना मी विचारते. बागायतदाराच्या बायकोलाही विचारलंय. कालच नेकनूरच्या विठ्ठलरावांच्या मंडळींनी सही केली."

विठ्ठलराव म्हणजे दोनदा सरपंच झालेला, तालुक्यात ओळख असलेला माणूस. धुळाजींनी मान वर केली.

"त्यांच्या मंडळींनी?"

"हो. केसरबाईंनी. कुणाला सांगितलं तरी चालेल, म्हणाल्या त्या."

भामाबाईंचं लक्ष मात्र दुसरीकडं होतं. त्यांनी विचारलं, "दोन्हीतलं बरं कोणतं?"

"मला माहीत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पंधराचं खात्रीचं आहे. पाच तितकंच चांगलं असेल असं वाटतं. पण वाटणं आणि माहीत असणं वेगळं. म्हणून तर हा खटाटोप."

भामाबाई म्हणाल्या, "इतके डॉक्टर पाहिले. मला माहीत न्हाई असं म्हननारं पहिलं मानूस तुमी. आणा कागद."

सही ठळक अक्षरात, पूर्ण नावासकट केली. खाली एक रेघही ओढली.

त्यांना पाच हवे होते हे त्यांनी लपवलं नाही. दिवाळीनंतर त्यांचा कळप चाऱ्यासाठी बाहेर पडतो. गोदावरीकडच्या शेतांत खतासाठी मेंढ्या बसवत बसवत पावसाळ्यापर्यंत फिरायचं. पाच शेक म्हणजे आठवड्यात मोकळं. मी कम्प्युटरवर बटण दाबलं. पंधरा आले.

भामाबाईंनी पदर सारखा केला, उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि तिथून म्हणाल्या, "परत दाबून बगता येत न्हाई ना?"

"नाही येत."

"बगितलं आपलं इचारून."

त्याच दुपारी केसरबाईंच्या नावापुढं पाच आले होते आणि त्यावरून वेगळंच सुरू झालं होतं. विठ्ठलरावांचा डॉक्टरांना फोन आला. मी समोरच होते, आणि त्यांचा आवाज असा की फोन स्पीकरवर नसला तरी चालतो.

"डॉक्टर मॅडम, आमच्या मंडळींना पाचच कावून? लोकांना पंधरा आन् आमाला पाच? काय कमी पडत आसल तर सांगा. वरून कुनाचा फोन पायजे का?"

"विठ्ठलराव, हे मी ठरवत नाही. कम्प्युटर ठरवतो."

"मग कम्प्युटरवाल्याला सांगू."

"त्याला फोन लागत नाही," डॉक्टर म्हणाल्या.

पलीकडं विठ्ठलराव मोठ्यानं हसले. "पहिलंच मशीन बगितलं जे शिफारस घेत न्हाई."

शेक सुरू होण्याआधी छातीवर शाईच्या खुणा करतात, म्हणजे मशीन रोज त्याच जागी लागतं. त्या खुणा करायला भामाबाई आणि केसरबाई एकाच दिवशी आल्या. दोघी आतल्या बाकावर शेजारी बसल्या होत्या. केसरबाई साठीच्या, गोऱ्या, हातात पाटल्या. भामाबाई सावळ्या, काटक, कपाळाला मोठं कुंकू. सुरुवातीला भामाबाई त्यांना मालकीणबाई म्हणत होत्या. तासाभरानं मी गेले तर अक्का म्हणत होत्या, आणि दोघी मिळून डॉक्टरांच्या दाराशी उभ्या होत्या.

"आत येऊ का?" केसरबाईंनी विचारलं. "जरा काम होतं. आमचं आमच्यात ठरलंय."

"काय ठरलंय?"

"हिला पाच पायजेत, आन् आमच्या ह्यांना मला पंधरा मिळायला पायजेत. तवा आमी अदलाबदल करतो. दोघींची राजीखुशी हाय. लागलं तर लिहून देतो."

डॉक्टरांनी आधी हसू आवरलं. ते काही जमलं नाही. मग त्या दोघींना बसवून समजावू लागल्या. निवड आपोआप झाली पाहिजे, दोन्ही गट सारखे राहिले पाहिजेत, नाहीतर निकालावर विश्वास ठेवता येत नाही, वगैरे. केसरबाई मान हलवत होत्या आणि त्यांना काही कळत नाही हे स्पष्ट दिसत होतं. भामाबाई मात्र कपाळाला आठ्या घालून ऐकत होत्या. एकदम म्हणाल्या, "थांबा डॉक्टरबाई. गेरूचं हाय व्हय हे?"

"गेरूचं म्हणजे?"

"अक्का, तुमी ऐका," भामाबाई केसरबाईंकडं वळल्या. "दोन वर्सामागं आमच्या मालकानं दुकानातून जंताचं नवं औषध आनलतं. पाजलं कुनाला, तर ज्या बारा मेंढ्या लई खराब झालत्या, त्यांना. त्यातल्या पाच मेल्या. मालक म्हनले औषध इखारी हाय, बाटली नाल्यात फेकली. म्या म्हनलं, अवो, त्या तशाबी मरनारच व्हत्या. औषधाला कावून बोल लावता?"

"मग?" डॉक्टर पुढं सरकल्या.

"मग पुढल्या साली म्या सवता मेंढवाड्याच्या जाळीच्या तोंडाशी हुबी राह्यले. मेंढी आली की एकीला गेरू लावून नवं औषध, दुसरीला बिनगेरू जुनं. एक ही, एक ती. माझी एक लाडकी हाय, डोंगरी. ती बिनगेरूत आली. लई वाटलं हिला नवं पाजावं. पर म्हनलं, लाडक्या तिकडं आन् मरतुकड्या इकडं असं क्येलं तर परत काय कळायचंच न्हाई. हात आवरला."

डॉक्टर म्हणाल्या, "भामाबाई, हे शिकायला मला सहा वर्षं लागली. आणि काय निघालं शेवटी?"

"जुनंच बरं निघालं. नव्यानं निम्म्यांना हगवन लागली."

केसरबाई ताडकन सरळ बसल्या. "अगं भामा, मी नव्यातच हाय की."

त्यानंतर पाऊण तास डॉक्टर केसरबाईंना समजावत होत्या. पाच शेकांची पद्धत बाहेर हजारो बायकांनी घेतलेली आहे, दर आठवड्याला तपासणी आहे, आणि हे पाच नकोत असं वाटलं तर आजच अभ्यास सोडून नेहमीचे पंधरा घेता येतील. भामाबाईंनी लगेच विचारलं, म्या सोडला तर? डॉक्टरांनी खरं ते सांगितलं. तुम्ही सोडलात तरी पंधराच मिळतील, कारण तीच चालू पद्धत आहे.

"म्हंजे मला सोडून काय फायदाच न्हाई," भामाबाई म्हणाल्या आणि स्वतःच हसायला लागल्या.

केसरबाईंनी एक रात्र मागून घेतली. सकाळी विठ्ठलराव त्यांच्याबरोबर आले, नाव काढून घ्यायच्या तयारीनं. केसरबाई त्यांच्याआधीच बोलल्या. "मत कुनाला द्यायचं ते चाळीस वर्सं ह्यांनी ठरवलं. ह्यात मी ठरवते. माझे पाच राहू द्या." विठ्ठलरावांनी टोपी काढली, परत घातली आणि चहा मागवला.

धुळाजी कळप घेऊन पुढं गेले. भामाबाई तीन आठवडे आमच्या धर्मशाळेत राहिल्या. त्यांना एकटं वाटेल अशी मला काळजी होती, पण चौथ्या दिवशी शेकाच्या रांगेची व्यवस्था त्यांच्याकडं गेली होती. कुणाचा नंबर कितवा, कुणाची बस किती वाजता, कुणी उपाशी आलंय, सगळं त्यांना पाठ. लांबून येणाऱ्यांना त्या पुढं सरकवत आणि टेक्निशियनही त्यांचं ऐके. नवीन कुणी आलं की विचारत, "पाचवाल्या का पंधरावाल्या?" दोन्ही शब्द दवाखान्यात रूढ झाले. त्यांना स्वतःला सगळे पंधरावाल्या भामाबाई म्हणू लागले. शेजारच्या वॉर्डात दुसऱ्याही एक भामाबाई होत्या, त्यामुळं सोयीचं पडलं.

केसरबाईंचे पाच शेक आठवड्यात संपले. पण दर शुक्रवारी त्या नेकनूरहून येत, तपासणीचं निमित्त सांगत आणि भामाबाईंजवळ दुपारभर बसत. डब्यात शेंगांची पोळी असे.

अभ्यासातल्या प्रत्येक बाईला आम्ही एक डायरी दिली होती. रोज कसं वाटलं ते लिहायचं, किंवा कुणाकडून लिहून घ्यायचं. बहुतेक डायऱ्यांत पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत "ठीक आहे" असं असे. डॉक्टरांना वाईट वाटू नये म्हणून बायका दुखलेलं लपवत. भामाबाईंची डायरी मी अजून जपून ठेवली आहे. नवव्या दिवशी: "काखेत आग. तिखट लागल्यावानी. दोन भाकरी खाल्ल्या. झोप बरी." बाराव्या दिवशी: "आग जादा. मलम लावलं, बरं वाटलं. बाहेरच्या बाकाची फळी मोडलीय, एक बाई पडता पडता वाचली." तेराव्या दिवशी: "डोंगरी व्याली. दोन झाले. फोनवर कळलं. अंग हलकं वाटतं."

माझी पंचाईत अशी की डायरीतली प्रत्येक नोंद कम्प्युटरवर चढवावी लागे. डोंगरीचं काय करायचं, मी डॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, "इतर शेऱ्यांत टाका. रुग्णाला हलकं वाटलं हे महत्त्वाचं आहे." बाक त्यांनी त्याच दिवशी दुरुस्त करून घेतला. आणि ती डायरी त्या पुढच्या सगळ्या बायकांना दाखवू लागल्या, अर्थात भामाबाईंना विचारून. असं लिहा, म्हणायच्या. दुखलं तर दुखलं लिहा. त्यानंतरच्या डायऱ्या बदलल्या, हे मी कागदावर दाखवू शकते.

मेंढ्यांची गोष्टही वाया गेली नाही. डॉक्टरांनी ती माहितीच्या कागदात घातली आणि मंजुरीसाठी समितीकडं पाठवली. कुठल्याही अभ्यासात रुग्णाच्या हिताचं बघायला अशी समिती असते. तिथल्या एका सदस्यानं हरकत घेतली. रुग्णांची मेंढरांशी तुलना अपमानकारक वाटते, असा शेरा आला. डॉक्टर नाराज झाल्या. मी भामाबाईंना फोन करून सांगितलं.

"त्यांचं बी बरोबर हाय," भामाबाई म्हणाल्या. "मेंढीला कुनी इचारलं न्हवतं. मला इचारलं. तुमी ज्वारीचं लिहा. एक तास, म्हंजे वळ, ह्या बियाची, एक तास त्या बियाची. शिवार एकच."

ज्वारीला मंजुरी मिळाली.

खरी कसोटी पुढंच होती. शेक संपल्यावर तीन वर्षं ठरलेल्या तारखांना तपासणीला यायचं असतं, आणि अभ्यास मोडतात ते तिथंच. ऊसतोडीला गेलेल्या बायका, माहेरी गेलेल्या, फोन बदललेल्या, सगळ्यांचा शोध घेणं हे माझं काम. भामाबाई तर दर आठ दिवसांनी नव्या शेतात. पहिल्या फेब्रुवारीत त्यांचा फोन चार दिवस लागेना. तारीख उद्यावर आली. मी रुग्णालयाची जीप घेतली आणि सकाळी सहाला निघाले. गेवराईच्या पुढं पाच गावांत मेंढ्या कुठं बसल्यात विचारत फिरले. कुणी म्हणे कालच हलले, कुणी म्हणे नदीपलीकडं. बारा वाजता एका हरभऱ्याच्या रिकाम्या रानात कळप सापडला. धुळाजी काठीला टेकून उभे होते.

"भामाबाई कुठायत?"

"ती?" धुळाजींनी आश्चर्यानं माझ्याकडं पाहिलं. "ती तर पहाटंच तुमच्याकडं गेली. उद्या सकाळी तपासनी हाय म्हनली, त्याच दिशी निघून येळंवर पोचनं व्हत न्हाई, आजच जाते. मोबाइल पान्यात पडलाय आमचा."

मी तिथंच बांधावर बसले. धुळाजींनी मला पाणी दिलं, मग शेळीच्या दुधाचा चहा केला आणि पेल्याकडं बघत म्हणाले, "तुमी येवढ्या लांब हुडकत आल्या. मला वाटलं व्हतं, शेक झाले की इसरताल."

संध्याकाळी मी परत पोहोचले तर भामाबाई माझ्याच खोलीच्या दारात बसल्या होत्या. "कुठं गेलत्या?" त्यांनी मला विचारलं. "दुपारपासून वाट बगायले."

त्यांनी तीन वर्षांत एकही तारीख चुकवली नाही. उलट शिरूरकडच्या चार ऊसतोड बायकांचे पत्ते मला त्यांच्याकडूनच मिळाले.

शेवटची बाई अभ्यासात आली, तिचीही तीन वर्षं भरली आणि यंदा निकाल लागला. डॉक्टरांनी ठरवलं की परिषदेत सांगायच्या आधी तो ज्यांचा आहे त्यांना सांगायचा. एका रविवारी सभागृहात दोनशेच्या वर बायका जमल्या, घरच्यांसकट. काही बायका राहिल्या नव्हत्या. डॉक्टरांनी त्यांची नावं घेतली नाहीत, कारण तशी परवानगी नसते, पण सुरुवातीलाच सगळ्यांना उभं केलं आणि आम्ही दोन मिनिटं गप्प उभे राहिलो.

मग त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं. पाच शेक आणि पंधरा शेक, दोन्हींचा गुण सारखाच आला. कातडीचा त्रास पाचमध्ये थोडा कमीच होता. आता आमच्या रुग्णालयात अशा बहुतेक बायकांना पाचच दिले जातील. तरी अजून काही वर्षं सगळ्यांकडं लक्ष ठेवायचं आहे, तपासण्या चालूच राहतील.

टाळ्या वाजल्या. त्या थांबल्यावर दुसऱ्या रांगेतून भामाबाई उठल्या.

"म्हंजे मलाबी पाचात भागलं असतं?"

"हो, भामाबाई. भागलं असतं," डॉक्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा उतरला.

"आन् हे कळलं कशावरनं?"

"तुम्ही पंधरा घेतलेत त्यावरून. आणि केसरबाईंनी पाच घेतले त्यावरून."

भामाबाईंनी सभागृहावर नजर फिरवली. पुढं कोपऱ्यात तीन-चार बायका बसल्या होत्या, नुकतंच ऑपरेशन झालेल्या, डोक्याला रुमाल बांधलेल्या. त्यांच्याकडं बघून त्या म्हणाल्या, "ऐकलं का बायांनो. आठ दिसात घरी. उगं भ्याल्यावानी बसू नका." आणि खाली बसल्या.

त्या कोपऱ्यातली एक मुलगी, असेल पस्तिशीची, पहिल्यांदाच हसली. डॉक्टरांनी माइक माझ्या हातात दिला आणि पाणी प्यायचं म्हणून बाहेर गेल्या. बऱ्याच वेळानं आल्या.

जेवणं झाल्यावर लोक पांगू लागले. भामाबाईंना शिरूरची बस गाठायची होती, पण केसरबाई काही ऐकेनात, गाडीनं सोडते म्हणाल्या. विठ्ठलराव नेहमीप्रमाणे ड्रायव्हरशेजारी पुढच्या सीटवर जाऊन बसले होते.

"अहो, मागं या," केसरबाई म्हणाल्या. "भामाला मागं बसलं की मळमळतं."

विठ्ठलराव उतरले. भामाबाई पिशवी मांडीवर घेऊन पुढं बसल्या, काच खाली केली आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "चल बाबा, पर दमानं. रस्त्यात मेंढरं दिसली तर हॉर्न वाजवू नको."